सुट्टीच्या कागदावर एक फोन नंबर हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यंदाची ३१ मेची तंबाखूविरोधी रॅली मी दवाखान्याच्या खिडकीतून पाहिली. खाली घोषणा, शपथ, शेवटी केळीवाटप. मागे कॉटवर आमचे बापू, नाकाला ऑक्सिजनची नळी. चाळीस वर्षांची बिडी.

पहिले तीन-चार दिवस बापू सगळ्यांवर चिडले. आईवर, सिस्टरवर, सलाइनच्या बाटलीवरही. निकोटिन तुटल्याचा त्रास याच दिवसांत सगळ्यात जास्त असतो, हे मला नंतर कळलं. पाचव्या दिवशी शांत झाले, गेटजवळच्या टपरीचं नावही काढेनात. घाट चढून झाला होता. नवव्या दिवशी सुट्टी मिळाली. कार्डावर औषधांच्या खाली दोनच शब्द होते, 'बिडी बंद'. डॉक्टरांना काय बोलणार, बाहेर ओपीडीची रांग जिन्यापर्यंत होती. स्टँडवर मी गाडीची चौकशी करून येतो तर बापूंच्या हातात बंडल. म्हणे, "येकच झुरका रे भाऊ."

ते बंडल फेकताना त्यावरच्या भयानक चित्राजवळ तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या सरकारी सेवेचा नंबर दिसला, १८००-११-२३५६. सप्टेंबर २०१८ पासून तो पाकिटांवर छापतात. फोन फुकट आहे. मी लावला आणि बापूंच्या कानाला दिला. पलीकडच्या माणसाने उपदेश केला नाही. दिवसाची पहिली बिडी कधी, कशासोबत, एवढंच विचारलं. बापूंची एक चहानंतरची, दुसरी विहिरीवर मोटार चालू केल्यावरची. तलफ काही मिनिटांचीच असते, तेवढा वेळ पाणी प्या, बडीशेप चघळा, असं सांगून सोडायची तारीख ठरवून घेतली. पुढचे फोन तिकडूनच आले. मध्ये एका लग्नात बापूंनी ओढली. घरात कबूल केलं नाही, फोनवर मात्र सांगून टाकलं!

माझं म्हणणं एवढंच, की हा फोन वॉर्डातूनच का लागू नये? दवाखान्यात सुरू झालेली मदत घरी गेल्यावर निदान महिनाभर चालू राहिली तर व्यसन सुटण्याची शक्यता वाढते, असं संशोधन सांगतं. गेटपाशीच थांबली तर फारसा फरक पडत नाही.

आपल्याकडे बिडीपेक्षा खाण्याचा तंबाखू जास्त, हे खरं. २०१६-१७ च्या पाहणीत राज्यातल्या प्रौढांत धूम्रपान करणारे ३.८ टक्के आणि खाणारे २४.४ टक्के निघाले. पण हा नंबर दोघांसाठीही आहे.

पुढचे फोन तिकडून येतात, म्हणून पेशंटचा नंबर लिहून घेताना तेवढं पाहावं की तो पेशंटच्या हातातल्या मोबाइलचा आहे. आमच्या कार्डावर सुरतेला असलेल्या धाकट्या भावाचा नंबर होता. नुसते एसएमएसही पुरत नाहीत. बापूंसारख्या साध्या बटणाच्या फोनवाल्या, अक्षरओळख नसलेल्या माणसाशी बोलावंच लागतं. सातपुड्यातल्या ज्या पाड्यांवर रेंज नाही, तिथे आशाताईंवर सोपवावं.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या सिव्हिल सर्जनांना विनंती, की सुट्टीच्या कागदावर सही घेतानाच, पेशंटची तयारी असेल तर, सिस्टरांनी हा नंबर लावून द्यावा. रॅलीचा खर्चही वाचेल, केळी तेवढी वॉर्डात वाटा.

आपला,
एक वाचक, चोपडा (जि. जळगाव)