धडा कागदावर, गोष्ट टॅबवर

महोदय,

‘कॉम्प्युटरमुळे मुलांचं वाचन बिघडलं’ हे वाक्य पालकसभेत हमखास ऐकू येते. पण मूल पडद्यासमोर किती तास बसते यापेक्षा तिथे काय आणि कसे वाचते, हे आधी पाहायला हवे. 2018 साली 54 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यातल्या 1 लाख 71 हजार वाचकांपैकी कागदावर वाचणाऱ्यांना मजकूर अधिक समजला. वेळेचे बंधन असले की ही तफावत वाढली. निव्वळ गोष्टी वाचताना मात्र ती आढळली नाही. तेव्हा गोष्टी टॅबवर खुशाल वाचू द्याव्यात. इतिहास-विज्ञानाचा धडा छापील पुस्तकातूनच वाचावा.

लोकलच्या गर्दीत पुस्तक उघडायला जागा नसते, म्हणून बालभारतीच्या पुस्तकाची पीडीएफ मोबाइलवर उघडली जाते. ते पान मोठ्या आकारासाठी मांडलेले. दोन बोटांनी अक्षर मोठे केले की ओळीचा शेवट पडद्याबाहेर जातो. पान सरकवून परत आणेपर्यंत भलतीच ओळ समोर येते. आकृती एकीकडे, तिचे वर्णन दुसरीकडे. एवढे होऊनही ‘समजलं’ असे मुलाला वाटते, आणि खरा धोका तोच आहे.

हे घरी तपासता येते. एकाच धड्यातले सारख्या लांबीचे दोन उतारे घ्या, एक कागदावर, एक मोबाइलवर. वाचून झाल्यावर ‘पाचपैकी किती प्रश्न येतील?’ हे आधी मुलाकडून लिहून घ्या, मग प्रश्न विचारा. मोबाइलवरचा अंदाज जास्त फुगलेला निघाला, तर प्रत्येक परिच्छेदानंतर फोन पालथा ठेवून वहीत एक वाक्य लिहायला लावा.

टायपिंगकडे तर कुणाचेच लक्ष नाही. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिताना न की ण, ल की ळ, पहिली वेलांटी की दुसरी, हे सगळे यंत्रच ठरवते. मूल फक्त समोर आलेला शब्द निवडते. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे प्रत्येक कळेवर थेट देवनागरी अक्षर असलेल्या कळफलकावर, ‘पुस्तक’ लिहायला सहा कळा लागतात: प, पहिला उकार, स, हलन्त (अक्षराचा पाय मोडणारी खूण), त, क. जोडाक्षर फोडल्याशिवाय ते लिहिताच येत नाही, आणि नवा शब्द वाचताना अडलेले मूल नेमके तिथेच अडते. काना-मात्रा-वेलांट्या डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला, त्यामुळे कळा लवकर लक्षात राहतात. विंडोजमध्ये हा कळफलक फुकट मिळतो. भाषा जोडताना इंग्रजी अक्षरांवर चालणारे ‘मराठी फोनेटिक’ तेवढे निवडू नये. शाळांनी संगणकाचा आठवड्यातला एक तास यासाठी राखून ठेवावा.

– शालेय ग्रंथपाल व मराठीचे शिक्षक, परळ, मुंबई