नावफलकावर नसलेल्याला हाक कशी मारणार?

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतल्या संगणकावरच्या लेखात ‘असेंब्लीतून सीचं कुठलंही फंक्शन कॉल करता येतं’ असं छापलंय. (असेंब्ली ही प्रोसेसरच्या थेट आज्ञांची भाषा, सी ही तिच्या वरच्या पातळीची, आणि फंक्शन म्हणजे नाव घेऊन चालवायचा, म्हणजे ‘कॉल’ करायचा, कोडचा तुकडा.) त्या ‘कुठलंही’पायी आमचं सोमवारचं अख्खं प्रॅक्टिकल वाया गेलं, म्हणून हे पत्र.

मी अभियांत्रिकीच्या मुलांना ऑपरेटिंग सिस्टिम शिकवते. माझ्या दोन विद्यार्थिनी स्वतःचा छोटासा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहितायत. त्यातल्या इंटरप्ट हँडलरची, म्हणजे हार्डवेअरने मधेच हाक मारली की चालणाऱ्या कोडची, सुरुवात असेंब्लीत. तिथून त्यांनी हेडरमधलं (अनेक सी फाइलींत घेतल्या जाणाऱ्या सामाईक फाइलमधलं) दोन ओळींचं ‘स्टॅटिक इनलाइन’ फंक्शन कॉल केलं. सगळे तुकडे जोडणाऱ्या लिंकरने ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’, म्हणजे या नावाचं काही सापडत नाही, म्हणत हात वर केले.

आमच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर एक पेइंग गेस्ट आहे. खालच्या नावफलकावर त्याचं नाव नाही, त्यामुळे कुरिअरवाला गेटवरूनच परत जातो. इनलाइनचं तसंच. सीचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर त्याचा मजकूर कॉल करणाऱ्या सी फंक्शनच्या पोटात उतरवून मोकळा होतो. असेंब्लरला सी कळतच नाही, त्याला हवं नाव. ऑप्टिमायझेशन (कंपायलरने कोड वेगवान करणं) बंद ठेवलं तर फाइलमधली नावं दाखवणाऱ्या ‘एनएम’ कमांडमध्ये ते नाव दिसतं कधीकधी, पण शेजारी लहान ‘टी’, म्हणजे त्या फाइलपुरतंच. बाहेरून हाक मारायला मोठा ‘टी’ लागतो. (वर्गात हा ‘टी’ मी तीनदा फळ्यावर काढते, तरी परीक्षेत चुकतात!)

मुलींनी मग ‘स्टॅटिक इनलाइन’ हे शब्दच खोडले. हेडर तीन फाइलींत जात होतं, आता ‘मल्टिपल डेफिनिशन’, म्हणजे एकाच नावाची तीन फंक्शनं! शेवटी एका सी फाइलमध्ये साधं फंक्शन लिहिलं, जे आतून इनलाइनला बोलावतं, आणि असेंब्लीतून त्यालाच कॉल केलं. लिनक्सच्या सोर्समध्येही असेंब्लीतून बोलावल्या जाणाऱ्या सी फंक्शनांवर ‘एएसएमलिंकेज’ अशी खूण दिसते.

कर्नल लिंक झाला, पण ठरावीक वेळाने इंटरप्ट पाठवणारा टायमर सुरू होताच चालू प्रोग्रॅम भरकटला. याबद्दलही लेखात अवाक्षर नाही. लिनक्ससारख्या ६४-बिट एक्स८६ वर फंक्शनला द्यायची पहिली सहा पूर्णांक किंवा पत्ता प्रकारची आर्ग्युमेंट्स आरडीआय, आरएसआय अशा क्रमाने रजिस्टरांत (प्रोसेसरमधल्या छोट्या कप्प्यांत) जातात आणि कॉलच्या वेळी स्टॅक (मेमरीतली तात्पुरती जागा) १६ बाइटांवर जुळलेला लागतो, एवढं मुलींना ठाऊक होतं. पण आरएएक्स, आर११ यांसारखी नऊ रजिस्टरं सी फंक्शन बिनदिक्कत पुसू शकतं. ती हँडलरने आधी जपून ठेवायची असतात. आमच्याकडे चारच ठेवली होती.

‘कुठलंही’ची दुरुस्ती येत्या रविवारी छापावी, ही विनंती. आणि लेखकाने कोड पाठवण्याआधी तो एकदा लिंक तरी करून पाहावा.

एक शिक्षिका, चेंबूर, मुंबई