त्वचारोगाच्या केसपेपरवर नाडीचीही नोंद हवी

महोदय,

२९ ऑक्टोबर हा जागतिक सोरायसिस दिन, म्हणून हे पत्र. मी एसटीत कंडक्टर होतो. नोकरीची २२ वर्षे सोरायसिस हा त्वचेचा रोग अंगावर घेऊनच काढली. सकाळी चादर झटकली की पांढरा कोंडा उडायचा. ऐन मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचो, तरी सुटे पैसे परत देताना काही प्रवासी हात मागे घ्यायचे. हा रोग स्पर्शाने पसरत नाही, हे किती जणांना सांगितले असेल!

गेल्या वर्षी छातीत धडधड सुरू झाली. पित्त असेल म्हणून थंड दूध पीत राहिलो. पुढे जिना चढताना धाप लागू लागली. दवाखान्यात सिस्टरने मनगटावर बोटे ठेवली ती सोडेनाच. घड्याळाकडे बघत मिनिटभर थांबली आणि म्हणाली, "काका, ठोके सरळ पडत नाहीत." ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन निघाले. यात हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात, तिथे रक्ताची गुठळी होऊ शकते. ती मेंदूत गेली तर लकवा.

हृदयाच्या डॉक्टरांनी माझी बाही वर सारली आणि विचारले, "हे किती वर्षांपासून?" सोरायसिसमधली सूज कातडीपुरती राहत नाही, रक्तावाटे हृदयापर्यंतही पोहोचते, हे मला तेव्हा कळले. डेन्मार्कमध्ये १९९७ ते २००६ या काळातल्या देशभरच्या नोंदी तपासल्या गेल्या. पन्नाशीच्या आतल्या तीव्र सोरायसिसच्या रुग्णांत एट्रियल फिब्रिलेशनचा धोका इतरांच्या जवळजवळ तिप्पट दिसला, सौम्य असलेल्यांत दीडपट. पन्नाशीनंतर हा फरक बराच कमी होतो. माझे ठोके सोरायसिसमुळेच चुकले असे मी म्हणत नाही. माझे वय आहे, रक्तदाबही आहे.

पण इतक्या वर्षांत मलमे कितीदा बदलली, नाडी मात्र एकदाही कुणी पाहिली नाही, याचे वाईट वाटते. त्वचेच्या ओपीडीत सोरायसिसच्या प्रत्येक रुग्णाची नाडी, रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल पाहावे, केसपेपरवर लिहावे, एवढीच कळकळीची विनंती. नाडीला तर यंत्रही लागत नाही.

आमच्या डेपोत चाळिशीतल्या एका चालकालाही सोरायसिस आहे. परवा त्याचा हात धरून मी मिनिटभर ठोके मोजले. सरळ होते. ईसीजीही काढून घे म्हटले आहे. सोमवारी त्याच्याबरोबर जाणार आहे.

– एक निवृत्त एसटी कंडक्टर, कराड