बाबा, या आठवड्याचे भाग आईला सांगा

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं, तिचा फोनवरचा आवाज ऐकला आणि जिवात जीव आला. पण डॉक्टरांनी आठवडाभर टीव्ही नको म्हटल्यापासून ती हिरमुसली आहे, असं कळलं. म्हणून हे पत्र. बाबा, तिला वाचून दाखवा.

आई, दहावीत असताना मी तुला चिडून म्हटलं होतं, "रोज तेच ते रडणं काय बघतेस?" तू काहीच बोलली नाहीस, फक्त आवाज कमी केलास. ते मला अजून टोचतं. तू काय बघत होतीस, ते मला माझं लग्न झाल्यावर उमगलं.

'चार दिवस सासूचे' 2001 साली सुरू झाली ती 2013 पर्यंत चालली. तीन हजारांहून जास्त भाग! आजी होती तोवर तुम्ही दोघींनी ती एकाच दिवाणावर बसून बघितली, मध्ये मेथीची जुडी. मालिकेतली सासू, म्हणजे रोहिणी हट्टंगडींची आशालता, कडक बोलली की आजी म्हणायची, "एवढं मोठं घर सांभाळायचं तर असं राहावंच लागतं." आणि सून, म्हणजे कविता लाडची अनुराधा, गप्प राहिली की तू म्हणायचीस, "गप्प बसली म्हणजे तिला लागलं नाही असं नसतं." दोघींची नजर टीव्हीवरच. एरवी आजीपुढे तू इतकं बोलल्याचं मला आठवत नाही. एकदा आजी बराच वेळ मेथी निवडत राहिली आणि म्हणाली, "खरंय तुझं." त्या संध्याकाळी चहा तिने ठेवला होता.

आणि ते भारनियमन! आपल्याकडची वीज नेमकी मालिकेच्या वेळेला जायची. पलीकडच्या गल्लीत असायची, मग तू तिथल्या काकूंना फोन लावायचीस. त्या टीव्हीसमोर बसून सांगायच्या आणि तू रिसीव्हर कानाला धरून, मेणबत्तीच्या उजेडात, वाक्य न् वाक्य आजीला सांगायचीस. आजी मध्येच विचारायची, "आणि ती रडली का?"

आता मीही रात्री जेवताना मोबाईलवर कालचा भाग लावते. रविवारी फोनवर आपण आधी मालिकेतल्या सुनेबद्दल बोलतो, मग कधीतरी माझ्या घरातलं निघतं. माझ्या सासूबाईंबद्दल सरळ विचारलं असतंस तर मी "सगळं छान आहे" म्हणून मोकळी झाले असते.

बाबा, आजीच्या जागेवर आता तुम्ही बसता. पेपर उघडा असतो, पण अर्धा तास पान उलटत नाही, हे मी दिवाळीत पाहिलंय. तेव्हा या आठवड्याचं काम तुमचं. रोजचा भाग बघा आणि आईला सांगा. "काही विशेष झालं नाही" म्हणून संपवू नका. कोण काय म्हणालं, कुणी कुणाकडे पाहिलं, साडी कोणती होती, सगळं सांगा. ती मध्ये बोलेल, तिला बोलू द्या.

थेंब वेळेवर घाला.

तुमची,
मनी