आई, आता पहिलं ताट तुझं

पुणे,
रविवार, रात्री

ती. आई आणि बाबांना,
सा. न. वि. वि.

रोज फोन होतो, तरी पत्र लिहितेय. कारण फोनवर आई "हो हो" म्हणते आणि ठेवून देते. कागद असला की बाबा चष्मा लावून दोनदा वाचतील, मग देवघराशेजारच्या फडताळात जपून ठेवतील, आणि वहिनीलाही हाताशी राहील.

परवा वहिनी फोनवर होती. तक्रार नव्हती, ती तक्रार करत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. मेथी निवडता निवडता बोलत होती. म्हणाली, "ताई, सांजच्याला तीन स्वयंपाक व्हायलेत. आईंचं मऊ वेगळं, बाबांचं कमी मिठाचं वेगळं, लेकरांचं आणि ह्यांचं वेगळं. आणि एवढं करून आई म्हणायल्यात, माझ्यासाठी काही करू नका, मी कपभर दूध पिऊन पडते."

आई, ते कपभर दूध काही माझ्या डोक्यातून जाईना. त्यात प्रोटीन असतं सहा-सात ग्रॅम. वजन कमी करायच्या ऑपरेशननंतर आहारतज्ज्ञ बाईंनी तुला सांगितलंय दिवसाला किमान ६० ग्रॅम. त्या वहीत पहिल्याच पानावर लाल पेनाने लिहिलंय, तूच मला दाखवलं होतंस. रात्रीचं जेवण सोडलं तर ते कुठून भरायचं?

आधी बाबांसाठी आणि आत्यासाठी. आत्या म्हणायली म्हणे, "पोट कापलं, आता जेवायला नको म्हणते, हे काय सोंग." सोंग नाही. ऑपरेशनमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकलाय. उरलीय ती केळ्याएवढी नळी. आणि भूक लागल्याचं मेंदूला कळवणारं घ्रेलिन नावाचं जे संप्रेरक असतं, ते मुख्यतः त्या काढलेल्या भागातच तयार व्हायचं. त्यामुळे आईला खरोखरच भूक लागत नाही. आपण "भूक लागली की जेवेल" म्हणून थांबलो तर ती रात्रभर थांबेल. तिच्यासाठी आता भूक म्हणजे भिंतीवरचं घड्याळ.

आता एक गोष्ट सांगते, जी मी दादालासुद्धा सांगितली नव्हती. ऑपरेशननंतर तू इथे माझ्याकडे असताना, सहावा आठवडा चालू होता तेव्हाची. संध्याकाळचं तुझं अर्धी वाटी मुगाचं वरण खाऊन झालं होतं. मी लॅपटॉप उघडून बसले होते आणि तुला म्हटलं, "आई, जरा पोरीचं ताट उचलतेस का?" चूक माझीच. दहा मिनिटांनी आत आले तर तू मोरीपाशी उभी, एक हात छातीवर, एक हात ओट्यावर. तोंडात पाणी सुटत होतं आणि थुंकी नाही, नुसता पांढरा फेस. मी ओरडले, "आई, तू काय करायलीस!" तुला बोलता येत नव्हतं. पाऊण तास आपण गॅलरीत या टोकाहून त्या टोकाला फिरत होतो. शेवटी एकदाचं उलटून पडलं. तूप-साखर लावलेल्या पोळीचा सुरळीचा तुकडा. पोरीने ताटात टाकलेला. तू तो सिंकपाशी उभ्या उभ्या, घाईत तोंडात टाकला होतास. आणि तोंड धुऊन झाल्यावर तू मला पहिलं वाक्य काय म्हणालीस आठवतंय? "वाया जायला होता गं."

आई, मी लहानपणापासून तुला सगळ्यांच्या मागून जेवताना बघितलंय. आधी बाबा, मग आलेगेले, मग आम्ही. मग गार झालेली, कडेला करपलेली भाकरी, पातेल्याची खरवड आणि आमच्या ताटातलं उरलंसुरलं घेऊन तू भिंतीला टेकून पाच मिनिटांत जेवण उरकायचीस. कुणी तुला वाढलेलं मला आठवत नाही. ती सवय आता चालणार नाही. तुला अर्धा तास लागतो जेवायला, एकेक घास पंचवीस-तीस वेळा चावून. शेवटी बसलीस तर मागे भांडी पडलेली दिसणार, तू घाई करणार आणि परत तो फेस. शिवाय आपल्याकडे दादा दुकान बंद करून येईपर्यंत नऊ-साडेनऊ होतात. जेवून लगेच आडवं झालं की या ऑपरेशननंतर आंबट पाणी घशाशी येतं. जेवण आणि झोप यात दोन-तीन तास हवेत.

म्हणून माझं ठरलंय. साडेसातला पहिलं ताट आईचं. तिच्याबरोबर बाबा आणि लेकरं बसतील. लेकरांना तेव्हाच भूक लागलेली असते, उगाच नऊपर्यंत ती चिवडा-बिस्किटं खातात. दादा आला की त्याचं त्याने वाढून घ्यावं, हात आहेत त्याला. आणि वहिनीने दादासाठी थांबायचं नाही. आई, हे तू सांग तिला. मी सांगितलं तर नणंद बोलली असं होतं.

आता वहिनीच्या तीन स्वयंपाकांचं. वहिनी, तुला एकच करायचाय. मी इथे अडीच महिने हेच केलं आणि पहिले पंधरा दिवस तुझ्यासारखीच रडकुंडीला आले होते. मग लक्षात आलं की पातेलं एकच ठेवायचं, फक्त एसटीसारखे थांबे घ्यायचे. डाळ मऊ शिजली, हळद-हिंग पडली, चिमटीभर मीठ पडलं की पहिला थांबा आईचा. तिची वाटी घट्ट घट्ट काढून घ्यायची, वरून जिऱ्याची अर्धा चमचा तुपाची फोडणी. दुसरा थांबा बाबांचा, मीठ तेवढंच, थोडा लसूण. मग उरलेल्यात येसर, काळा मसाला, तर्री, जे दादाला लागतं ते. आईला येसरचा नुसता वास घे म्हणू नका हां. चिमूटभर तिच्याही वाटीत टाक. अडीच महिने बिनचवीचं खाऊन ती इतकी कंटाळली होती की एकदा मला म्हणाली, "दवाखान्यातलं पाणीसुद्धा याच्यापेक्षा चवदार होतं."

पिठलं तर तिच्यासाठी सोन्यासारखं. बेसनात प्रोटीन चांगलं, मऊ, चमच्याने खाता येतं. फक्त गाठी नकोत आणि तेलाचा तवंग नको. मोडाची मटकी कुकरला नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त घेऊन. मेथी डाळ घालून, पण देठं काढून, पानं बारीक चिरून. पनीर मात्र बाजारातलं नको, घरची म्हैस असताना कशाला? साय काढलेलं लिटरभर दूध लिंबाने फाडायचं, फडक्यात बांधून ठेवायचं, संध्याकाळी कांदा-टोमॅटोवर परतायचं. लेकरं आवडीने खातील, तेही एकाच कढईतलं. निघालेलं पाणी आमटीत घाल. आईच्या गळ्यात माळ आहे, अंडी-मांस घरात नाही, तेव्हा डाळी, दही, पनीर यांवरच सगळी भिस्त.

आणि सोयाबीन! बाबा, तुम्ही दर वर्षी पोत्यांनी सोयाबीन लातूरच्या आडतीवर घालता, भाव पडला म्हणून आठवडाभर घरात कुणाशी बोलत नाही, पण त्यातली मूठभर आपल्या घरात कधी शिजली नाही. तुरीच्या डाळीत शंभर ग्रॅमला २२ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, सोयाबीनमध्ये ३६ च्या पुढे. तर या वेळी पायलीभर मागे ठेवा. कच्चं पोटाला बाधतं, म्हणून आधी चांगलं भाजून घ्यायचं आणि ज्वारीच्या दळणात दहाला एक या हिशोबाने टाकायचं. चवीत फरक कळणार नाही. मी दादाला न सांगता खाऊ घातलंय, त्याने तिसरी भाकरी मागितली होती.

भाकरीचं विचारत होतात. सगळ्यांना वाटतं पोळी मऊ, म्हणून आईला पोळी द्यावी. उलटं आहे. ताजी मऊ पोळी आत गेली की कणकेचा गोळा होऊन अडकते, ते आम्ही गॅलरीत बघितलं. ज्वारीची भाकरी भुगा होते, चावता येते. पण चतकोरच. खरं तर नितकोर, चतकोराच्याही अर्धी. आणि ती शेवटी. आधी वाटीतलं वरण किंवा पनीर, मग भाजी, मग जागा उरली तर भाकरी. भात सध्या नकोच. आई, तू उलटं करतेस, आधी भाकरी कुस्करतेस. भाकरीने नळी भरली की वरण राहून जातं.

ताट कुठलं घ्यायचं तेही सांगते. वास्तुशांतीला आलेली ती छोटी स्टीलची ताटली आणि नाव कोरलेली वाटी आहे ना, जिच्यात आपण कुंकू कालवायचो, ती घासूनपुसून काढ. ती वाटी पाऊण भरली की आईचं जेवण झालं. मोठ्या ताटात एवढंसं वाढलं की ते केविलवाणं दिसतं आणि मग बाबा हात पुढे करून अजून एक डाव घालतात.

बाबा, तुमचं हेच काम आहे, हात आवरायचा. आपल्याकडे आग्रह केला नाही तर माया नाही असं असतं. तुमच्या आईने जावयाला अकरा पुरणपोळ्या घातल्याची गोष्ट तुम्ही अजून सांगता. पण आईला आता "एवढा घास माझ्या नावाचा" म्हणू नका. तो एक घास तिला खरंच बाहेर काढावा लागतो. त्यापेक्षा शेजारी बसा आणि हळू जेवा. तुम्ही भरभर जेवलात की तीही भरभर जेवते, चाळीस वर्षांची सवय आहे. जेवणाच्या तांब्याकडेही लक्ष ठेवा. जेवताना पाणी नाही आणि जेवल्यावर अर्धा तास नाही. पण दिवसभरात घोट घोट करत दीड लिटर व्हायला हवं. सकाळी बाटली भरून खिडकीत ठेवा, म्हणजे किती राहिलं ते दिसतं.

गोळ्या आयुष्यभराच्या आहेत, "आता बरं वाटतंय" म्हणून बंद नाहीत. लोहाची आणि कॅल्शियमची एकत्र नको, मध्ये दोन तास. लोहाच्या गोळीवर चहा नको, आणि हे मी तुम्हालाच सांगतेय बाबा, कारण तुम्ही दर तासाला "करा की घोटभर" म्हणता आणि तीही घेते. गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधून कुठलीही वेदनाशामक आणायची नाही, आधी डॉक्टरांना फोन. उलट्या दोन-तीन दिवस थांबल्या नाहीत तर घरी वाट बघायची नाही. केस गळतायत त्याला घाबरू नका. तिसऱ्या महिन्यापासून गळतात, पुढे परत येतात, प्रोटीन पोटात गेलं तर लवकर. १०४ किलोवरून ८७ वर आलीय ती, साखरेची एक गोळी सुटलीय. बायका "हाडं दिसायली" म्हणतात तेव्हा हे सांगा त्यांना.

मार्गशीर्षातल्या गुरुवारांचं आई, तू मला आडून आडून विचारलंस. पूजा कर, पोथी वाच, कलश मांड. उपवास या वर्षी नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. दिवसभर साबुदाणा खाऊन रात्री पुरण, म्हणजे नुसता पिष्ट आणि गूळ. गोड एकदम गेलं तर घाम फुटून, छाती धडधडून तुला पडून राहावं लागेल. महालक्ष्मीला तुझी घोटभर दह्याची वाटी चालेल.

आणि येळवस, आपली शेतातली वेळा अमावास्या. पंधरा दिवसांवर आली. मी येतेय, पोरीला घेऊन. आई, मला माहितीय तू आतापासूनच भज्जीच्या शेंगा मोजत असशील. खरं सांगू, सगळ्या सणांत हाच तुझ्यासाठी सगळ्यात सोयीचा. भज्जीत ओला हरभरा, वाटाणा, तूर, पालेभाज्या, बेसन, सगळं तासभर रटरटून मऊ झालेलं. तुझी वाटी त्यातूनच. तिखट फोडणी पडायच्या आधी. आंबील जेवणाबरोबर नाही, अर्ध्या तासाने, घोट घोट. पिठाचा उकडलेला उंडा नको, खिरीचा एक चमचा, तोही शेवटी.

दर वर्षी कडब्याच्या कोपीतल्या पांडवांची पूजा झाली की शिवारातले सगळे जेवून, पार शेजारच्या रानातले पाहुणे जेवून, चार वाजता तू बांधावर बसायचीस. या वर्षी नैवेद्य दाखवला की लगेच तू बसायचं, कडब्याच्या सावलीत. वाढायला मी आहे, वहिनी आहे, आणि दादाला डाव धरता येतो का ते बघू.

रात्रीच्या गाडीने निघते, पहाटे लातूरला उतरेन. दादाला थंडीत स्टेशनवर पाठवू नका, मी रिक्षाने स्टँडवर येऊन पहिली एसटी पकडते.

तुमची,
धाकटी

ता. क. शेतात जायच्या सामानात ती छोटी ताटली आणि वाटी बाबांनी स्वतः ठेवावी. आईकडे दिली तर ती पाहुण्यांच्या लोणच्याला काढेल.