फ्रेमवाल्या काकाजींना

काकाजी, नमस्कार.

मागच्या उन्हाळ्यात परतवाड्याला तुमच्या दुकानात एक पिवळा पडलेला कागद घेऊन आले होते आणि 'लॅमिनेशन करून द्या' म्हणाले होते. अमरावतीच्या रद्दीत मिळालेलं कळलावीच्या फुलवेलीचं चित्र, नुसत्या काळ्या शाईतलं. शाळेतल्या पोरींकडून त्यात लाल-पिवळा रंग भरून घ्यायचाही बेत होता. तेव्हा बोलले नाही, आज कबूल करते.

तुम्ही कागद उजेडात धरलात. "पोरी, हे प्लास्टिकात घातलं तं मेलंच समज." मग भिंग माझ्या हाती दिलंत. "पाय बरं, ठिपके दिसतात का?" नव्या छपाईत दिसतात तसे ठिपके कुठेच नव्हते, रेघ सलग होती. "शिळाछाप हाय." एवढ्यावर न थांबता फरशीवर तेलाचं बोट ओढून, पाणी शिंपडून दाखवलंत. चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईनं काढायचं, दगड ओला करायचा, वरून शाईचा रूळ फिरवायचा; ओल्या जागी शाई धरत नाही, रेघेवर धरते. गिऱ्हाईक खोळंबलं होतं, तरी!

कोपऱ्यातलं 'गोविंदू' हे बारीक नावही तुम्हीच वाचलंत. नंतर मी शोधलं. मद्रासकडे रॉबर्ट वाइट या डॉक्टरासाठी तो झाडाफुलांची चित्रं काढायचा. १८३८ ते १८५३ या काळात निघालेल्या वाइटच्या सहा खंडांत दोन हजारांवर चित्रं आहेत, बहुतेक बिनरंगी. एका ऑर्किडला वाइटनं 'गोविंदूइया' नाव दिलं. साहेबाच्या पुस्तकात चित्रकाराचं नाव छापलेलं पाहून मला फार बरं वाटलं.

फेव्हिकॉल तुम्ही लावू दिला नाही. गव्हाच्या खळीनं वरची कडा तेवढी चिकटवलीत, काच कागदाला टेकू नये म्हणून मधे पुठ्ठ्याची चौकट घातलीत. उन्हाच्या भिंतीवर टांगू नको, हेही बजावलंत.

या श्रावणात आमच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, कळलावी फुलली. एक फूल तोडून चित्राशेजारी धरलं. पाकळ्या मागे वळलेल्या, पानाचं टोक वेलीच्या तणाव्यासारखं गुंडाळलेलं. आणि फुलातली ती मधली काडी बुडाशीच काटकोनात बाजूला वळलेली, हे लहानपणापासून पाहत आले तरी कधी दिसलंच नव्हतं. गोविंदूनं मात्र ती तशीच काढली आहे.

काचेचे पैसे तुम्ही घेतले नव्हते. पोळ्याला येते आहे, तेव्हा घ्यावेच लागतील.

तुमची,
धुऱ्यावरच्या कळलावीवाली मास्तरीण