सातव्या गाण्याबद्दल

प्रिय बाळ,

प्रभूच्या नावात सलाम.

तू पाठवलेली अल्बमची दहाही गाणी काल रात्री ऐकली. ताईने हेडफोन लावून दिले आणि मध्येमध्ये बोलायचं नाही अशी तंबी देऊन गेली. आधी सगळी सलग ऐकली, मग सातवं चार वेळा. छान झालंय रे, खरंच छान झालंय. हे पहिल्यांदा लिहून टाकते. रविवारी आपलं जे वाजलं त्यानंतर तुला वाटत असेल, आईला यातलं काहीच रुचलं नाही.

सातव्याचं शेवटचं कडवं चढतं तिथे तुझा आवाज फाटतो. पाळकसाहेब म्हणाले, गाताना त्याला भरून आलं. ताईही तेच म्हणाली. मी मान डोलावली. पण तुला भरून येतं तेव्हा आवाज बारीक होतो, थोडा नाकात जातो, ते मला तू पाच वर्षांचा असल्यापासून ठाऊक आहे. इथे नुसती हवा सुटते आणि सूर पळभर गायबच होतो. रेकॉर्डिंगच्या वेळी मी तिसऱ्या रांगेत होते. सहावं संपल्यावर दिवे मंद केले तेव्हा तू माइककडे पाठ केलीस, दोन बोटांनी गळा चाचपलास आणि पाण्याचा घोट गिळताना डोळे घट्ट मिटलेस. लोकांना वाटलं, प्रार्थना करतोय.

गळ्याचं काढायचं नाही असं ठरवून लिहायला बसले होते. बघ, पहिल्याच पानावर काढलं.

तर, रेकॉर्डिंगबद्दल. सभागृहात मागे टांगलेल्या माइकांचं तू सांगितलं होतंस ते या वेळी कळलं. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे स्टेजपासून 20 मीटरवरच्या माइकपर्यंत पोचायला त्याला जवळजवळ 58 मिलिसेकंद लागतात. तेवढं मागेपुढे सरकवून जुळवलं नाही तर सगळं घुमतं. तू हे सांगत होतास तेव्हा मी भांडी आवरत नुसतं हं हं करत होते. काल ते माइक नीट ऐकले. मंडळी गातेय, टाळ्या जरा पुढे पळतायत, कुणाचं तरी मूल रडतंय. ते मूल काढू नका. आणि सातव्यात काय होतं ते ऐकलंस का? ओळ चढली की मंडळी एकदम गप्प होते. आधी पुरुष सुटतात, मग बायकाही. वर तू एकटा उरतोस आणि सगळ्यांच्या वाटचा जोर एकटा लावतोस. पट्टी दोन सुरांनी उतरवली असती तर त्यांनाही गाता आलं असतं आणि तुझा गळाही वाचला असता. उपासनेत मंडळीलाच गाता येत नसेल तर ती पट्टी कुणासाठी? बँडला ती झळाळून वाटते, हे मलाही कळतं.

आता लेक्चर येणार, तयारीत राहा. बायबलातल्या पहिल्या इतिहासाचा 25 वा अध्याय काढ. दाविदाने गायनासाठी निपुण माणसं नेमली ती 288. त्यांचे 24 वर्ग, प्रत्येकात 12 जण, आणि पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरवल्या. आसाफ, हेमान, यदूथून असे तीन मोठे पुढारी असताना पाळ्या! आणि तू? रविवारच्या दोन्ही उपासना तू, बुधवारी तू, शुक्रवारी तरुणांची सभा तू, सराव तू, वर सलग दोन रात्रींचं रेकॉर्डिंग. दुसऱ्या रात्रीचं घेतलंत ना सातवं? मला वाटलंच. तुझ्या टीममधली ती मुलगी तीन गाणी सहज उचलेल. तिला माइक दिल्याने तुझं काही कमी होणार नाही.

'आई, हे गाणं देवाचं आहे,' असं तू रविवारी तोडून बोललास. गाणं देवाचं, मान्य. गळा मी नऊ महिने पोटात वाढवलाय. हे असं लिहायला नको होतं. पण आता खोडत नाही.

बाबा ट्यूनिंग फोर्क गुडघ्यावर आपटून त्याचा दांडा तुझ्या कानामागच्या हाडावर टेकवायचे, आठवतं? तू दचकून हसायचास आणि 'परत' म्हणायचास. ते म्हणायचे, हा 440, म्हणजे सेकंदाला 440 कंपनं. तेव्हा तू रात्री झोपेतही तो सूर लावायचास, खोटं नाही सांगत, मी दारात उभी राहून ऐकायचे. परवा मला उलटा विचार आला. तू तोच सूर धरतोस तेव्हा तुझ्या गळ्यातल्या त्या दोन इवल्या पडद्या सेकंदाला 440 वेळा एकमेकींवर आपटतात. सूज आलेली असतानाही.

बाबांचाही आवाज असाच बसला होता. चार महिने सगळे सर्दी म्हणत होते, मीसुद्धा. तुझं ते नसणार. गाणाऱ्यांच्या गळ्यात, त्या पडद्यांवर गाठी येतात त्या साध्या असतात, बऱ्याचदा विश्रांतीने आणि गळ्याच्या व्यायामाने जातात, मी वाचलंय. पण आवाज चार आठवड्यांत सुटला नाही तर डॉक्टरांनी आत दुर्बीण घालून बघावं, हेही वाचलंय. तुझा सहावा आठवडा चालू आहे. मी मोजतेय.

त्या दोन ओळी स्टुडिओत पुन्हा गाऊन बसवायच्या म्हणालास. सॉफ्टवेअरने सूर ओढला तर माइकमध्ये शिरलेल्या झांजाही वाकड्या होतात, म्हणून पुन्हा गायचं, एवढं कळलं. गा. पण आधी दाखवून ये. तोवर अल्बम थांबला तर थांबू दे. किंवा फाटलेलाच राहू दे, पाळकसाहेबांना आवडलाय.

दाखवायला मी सोबत येऊ का? बाहेर बसेन, आत येणार नाही.

कुठल्या दिवशी जायचं ते लिहून कळव. फोन करू नकोस, आणि कुजबुजूही नकोस, त्यानेही ताण पडतो म्हणतात. नुसतं लिही.

तुझी आई

ता. क. चौथ्या गाण्याआधी कुणीतरी दोनदा खोकलंय, ती मी आहे. ते मात्र काढून टाकलं तरी चालेल.